कपाट क्रमांक दोन



जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात राजदरबाराचं एक कॅथलिक चर्च आहे. तिथे एक कपाट होतं आणि त्याची ओळख होती : कपाट क्रमांक दोन. दरबारी वाद्यवृंदाचा प्रमुख व्हायोलिनवादक योहान गेओर्ग पिझेन्डेल १७५५ मध्ये वारला. त्याने जन्मभर वाद्यसंगीताची बाडं जमवली होती. काही स्वतः उतरवून घेतलेली, काही मित्रांनी दिलेली, काही तरुणपणी इटलीला गेला असताना व्हेनिसहून आणलेली. ती दरबाराकडे गेली. पुढच्या काही वर्षांत, जुन्या वळणाचं म्हणून बाजूला पडलेल्या इतर वाद्यसंगीताबरोबर, ती नीट गठ्ठे बांधून, वर चिठ्ठ्या लावून या कपाटात ठेवली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिकडे कोणी फिरकलं नाही.

कपाटात सुमारे १,७५० हस्तलिखितं होती. विवाल्दीने खास पिझेन्डेलसाठी लिहून दिलेल्या रचना त्यात होत्या, टेलेमान या जर्मन रचनाकाराच्या होत्या, आणि ज्यांची नावं आज संगीताच्या अभ्यासकांनाही आठवून सांगावी लागतील अशा कितीतरी जणांच्या होत्या. आज ही बाडं ड्रेस्डेनच्या राज्य ग्रंथालयात आहेत. पानन् पान इंटरनेटवर आहे. पुण्याच्या किंवा पणजीच्या माणसालाही ती घरबसल्या पाहता येतात.

मग प्रश्न असा, की कपाट उघडलं म्हणजे संगीत सापडलं का?

आजचं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे. विषय आहे बरोक काळातलं, म्हणजे ढोबळमानाने १६०० ते १७५० या दीडशे वर्षांतलं, कक्षसंगीत. दोन, तीन, चार वादक, प्रत्येकाची ओळ वेगळी, आणि ऐकणारे एका दालनात मावतील एवढेच. बाख, हँडेल आणि विवाल्दी ही नावं या सभागृहात नवी नाहीत. पण त्यांच्याच काळात, कधी त्यांच्याच शेजारी बसून, त्यांच्या तोडीचं लिहिणारी माणसं होती आणि त्यांचं संगीत दोन-अडीचशे वर्षं कोणाच्या कानी पडलं नाही. ते पुन्हा ऐकू आलं ते मुख्यतः रेकॉर्डमुळे. आधी मैफली गाजल्या आणि मग तबकडी निघाली, असं इथे क्वचितच घडलं. तबकडी आधी निघाली. वादकांनी ती ऐकली, मग नोटेशन मागवलं, मग मैफली झाल्या. या संगीतापुरती तबकडी हीच पहिली मैफल होती.

हे असं का झालं, हे समजायला कागदापासून सुरुवात करावी लागते.

बरोक संगीताचा कागद अर्धाच बोलतो. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत बंदिशीची स्वरलिपी असते. ती वाचून बंदीश कळते, पण तेवढ्यावर कोणी तासभर गात नाही. गाणं गवयाने भरायचं असतं. इथेही तसंच आहे. या काळातल्या बहुतेक सोनाटांत तळाच्या सुरांची एकच ओळ लिहिलेली असते आणि तिच्याखाली किंवा वर बारीक आकडे असतात. कोणत्या सुरावर कोणती स्वरसंगती धरायची, याची ती खूण. हार्प्सिकॉर्ड किंवा ऑर्गन वाजवणाऱ्याने, नाहीतर थिओर्बो नावाचं लांब मानेचं तंतुवाद्य वाजवणाऱ्याने, ते आकडे पाहून उरलेलं संगीत तिथल्या तिथे रचायचं. किती भरायचं, कुठे गप्प राहायचं, सूर एकदम धरायचे की मोकळे सोडायचे, हे सगळं त्याच्यावर. संथ भागात व्हायोलिनवादकाने आपल्या ओळीवर काय कलाकुसर करायची, तेही बहुधा लिहिलेलं नसे. कारण ज्याच्यासाठी लिहायचं त्याला ते येत होतं. तो वादक गेला, त्याचे शिष्य गेले, वाद्यं बदलली. कागद तेवढा राहिला.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे हाइनरिख इग्नाझ फ्रान्झ फॉन बीबर. हा बोहेमियातला. १६४४ साली जन्मलेला. मोरावियात क्रोमेरीझला, ओलोमोउत्सच्या बिशपकडे नोकरीला होता. १६७० मध्ये बिशपने त्याला टिरोलमधल्या आब्सामला पाठवलं. तिथे याकोब श्टाइनर नावाचा त्या काळातला सर्वांत नामांकित व्हायोलिन घडवणारा राहत होता, त्याच्याकडून वाद्यं आणायची होती. बीबर निघाला तो परत आलाच नाही. वाटेत साल्झबुर्गच्या आर्चबिशपकडे नोकरीला लागला आणि १७०४ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. ओलोमोउत्सच्या बिशपने त्याला रीतसर मोकळं केलं ते १६७६ साली.

साल्झबुर्गमध्ये त्याने पंधरा सोनाटा आणि एक पासाकालिया यांचा संच लिहिला. 'रोझरी सोनाटा' या नावाने तो आज ओळखला जातो. मारिया आणि येशू यांच्या आयुष्यातले पंधरा प्रसंग, प्रत्येक सोनाटाच्या सुरुवातीला त्या प्रसंगाचं छोटं ताम्रमुद्रित चित्र. एकच हस्तलिखित उरलं आहे, ते म्युनिकच्या ग्रंथालयात. मुखपृष्ठ गहाळ, म्हणून रचनाकाराने याला काय नाव दिलं होतं तेही कळत नाही. हा संच पहिल्यांदा छापला गेला १९०५ साली, म्हणजे लिहिल्यानंतर सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळाने.

छापल्यावर तरी लोकांना तो कळला असेल ना? इथेच गंमत आहे. व्हायोलिनच्या चार तारा ठरलेल्या सुरांत लावायच्या असतात. बीबरने पहिला सोनाटा आणि शेवटची पासाकालिया सोडून बाकी चौदाही सोनाटांत तारा वेगवेगळ्या सुरांत लावायला सांगितल्या. आणि नोटेशन लिहिताना कोणता सूर ऐकू येईल ते लिहिलं नाही, बोट कुठे ठेवायचं ते लिहिलं. तार वेगळ्या सुरात लावलेली, बोट नेहमीच्या जागी, म्हणजे कानावर येणार भलतंच. कोणी हा कागद पियानोवर ठेवून जसाच्या तसा वाजवला तर निव्वळ गोंगाट होतो. नुसत्या डोळ्यांनी वाचला तर अर्थच लागत नाही.

अकरावा सोनाटा येशूच्या पुनरुत्थानाचा. त्यात बीबर वादकाला मधल्या दोन तारांची अदलाबदल करायला लावतो. घोडीच्या खाली आणि वर खुंट्यांपाशी त्या एकमेकींना ओलांडून जातात आणि वाद्यावर तारांचा क्रूस तयार होतो. श्रोत्याला तो दिसतही नाही. पण या अदलाबदलीमुळे शेजारशेजारच्या तारा एकाच सुराच्या, सप्तकाच्या अंतराने लावलेल्या होतात. मग ईस्टरचं जुनं स्तोत्र येतं तेव्हा एकटं व्हायोलिन दोन सप्तकांत एकदम गातं. एवढीशी लाकडी पेटी, आणि आवाज मात्र समूहाचा. हे कागदावर कळत नाही, हे ऐकावं लागतं.

आणि ऐकवणार कसं? मैफलीत एकच व्हायोलिन चौदा वेळा वेगळं लावायचं म्हणजे तारा ताणून ताणून हैराण होतात. त्यातून आतड्याच्या तारा, नव्या सुरात ठरायला त्यांना वेळ लागतो. वादक चार-पाच व्हायोलिनं मांडून बसतात. स्टुडिओत हा प्रश्न सुटतो. आज एक सोनाटा, वाद्य नव्या सुरात मुरलं की दुसरा. सबंध संच सलग, सुरात, एका बैठकीत ऐकण्याची सोय सामान्य श्रोत्याला ध्वनिमुद्रणाने दिली. १९६० च्या दशकात याच्या पहिल्या संपूर्ण तबकड्या निघाल्या, त्यात व्हिएन्नाच्या एडुआर्ड मेल्कुसची बरीच गाजली. १९९० च्या आसपास राइनहार्ड ग्योबेल आणि जॉन हॉलोवे यांची ध्वनिमुद्रणं थोड्या अंतराने आली. रेचल पॉजरच्या ध्वनिमुद्रणाला २०१६ मध्ये ग्रामोफोन मासिकाचा पुरस्कार मिळाला. आज व्हायोलिनवादकाला बीबर येत नसेल तर तो बरोकचा वादक म्हणवून घेऊ शकत नाही. शंभर वर्षांपूर्वी त्याच व्हायोलिनवादकाने बीबरचं नावही ऐकलेलं नसायचं.

आता दुसरा मुद्दा. ध्वनिमुद्रण १८७७ पासून आहे. मग हे सगळं एवढं उशिरा का?

कारण वेळ. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावत. ख्याल तीन मिनिटांत बसवणाऱ्या आपल्या गवयांची अडचण इथे वेगळी सांगायला नको. तरीही धाडस करणारे होते. कुर्ट झाक्स हा बर्लिनच्या वाद्यसंग्रहालयाचा प्रमुख. नाझी सत्तेवर आल्यावर ज्यू म्हणून त्याची नोकरी गेली, तो पॅरिसला आला आणि तिथे त्याने 'लांतोलोजी सोनोर' ही तबकड्यांची मालिका संपादित केली. मध्ययुगापासून पुढचं, कोणी न वाजवलेलं संगीत तिच्यात आलं. त्याच पॅरिसमध्ये लुईझ हॅन्सन-डायर ही मेलबर्नची बाई आपल्या पैशाने 'लुआझो-लीर' ही प्रकाशनसंस्था चालवत होती. आधी तिने फ्रेंच रचनाकार कूपरँचं समग्र संगीत देखण्या छपाईत काढलं, मग तबकड्याही काढल्या. या दोघांनी पेरलेलं पुढे उगवलं.

१९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत. बरोक सोनाटा सहा ते अठरा मिनिटांचा, म्हणजे एका तबकडीत चार-पाच सोनाटा सहज बसले. आणि खर्च? सिंफनी मुद्रित करायची तर ऐंशी वादकांचं मानधन. दोन वरच्या ओळी आणि तळाची साथ अशा त्रिसोनाटाला चार माणसं पुरतात, रचनाकार मरून दोनशे वर्षं झालेली, त्याला मानधन द्यायचं नाही. लहान कंपन्यांनी हा हिशेब ताबडतोब ओळखला. संगीताच्या इतिहासात हिशेबाचं महत्त्व मोठं आहे आणि ते कबूल करण्यात काही कमीपणा नाही. विस्मृतीतल्या रचनाकारांना परत आणणाऱ्यांत विद्वान होते तसे कंपनीचे जमाखर्च सांभाळणारेही होते.

जर्मनीत डॉइचे ग्रामोफोनने १९४७ मध्येच आर्किव्ह नावाची स्वतंत्र शाखा काढली होती. तिच्या तबकडीबरोबर ग्रंथालयात असतं तसं एक कार्ड मिळे. कोणती रचना, कोणत्या हस्तलिखितावरून, वादक कोण, वाद्यं कोणती, मुद्रण कुठे आणि कोणत्या तारखेला झालं, सगळं त्यावर. तबकडी हा दस्तऐवज आहे ही जाणीव त्या कार्डात होती. टेलेफुंकेन कंपनीने १९५८ मध्ये 'दास आल्टे वेर्क' ही मालिका सुरू केली. तिच्यात निकोलाउस हार्नोनकूर्ट आला. हा व्हिएन्ना सिंफनीत चेलो वाजवून पोट भरत होता. १९५३ मध्ये त्याने बायकोला आणि काही मित्रांना घेऊन जुन्या वाद्यांचा संच उभा केला. चार वर्षं त्यांनी घरातच सराव केला, पहिली मैफल १९५७ मध्ये. वाद्यांना बोलायला शिकवण्यात चार वर्षं गेली, आणि तो वेळ त्यांनी घेतला.

त्याच मालिकेत अॅमस्टरडॅमच्या चौघांनी, फ्रान्स ब्रुखेन, याप श्रोडर, आनर बिल्स्मा आणि गुस्ताव लेओनहार्ट यांनी, टेलेमानची पॅरिसची चतुष्टकं वाजवली. बासरी, व्हायोलिन, व्हिओला द गांबा (गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं तंतुवाद्य) किंवा चेलो आणि तळाची साथ. टेलेमान १७३७-३८ मध्ये आठ महिने पॅरिसला होता. तिथल्या उत्तमोत्तम वादकांनी ही चतुष्टकं वाजवली आणि १७३८ च्या छापील प्रतीच्या वर्गणीदारांत लाइपझिगच्या बाखचं नाव आहे. ज्या माणसाचं छापील पुस्तक बाख पैसे देऊन मागवतो, त्याला पुढची पिढी ढिगाने लिहिणारा सामान्य कारागीर ठरवते. हा शिक्का दीडशे वर्षं टिकला. चार डच तरुणांनी तो वाजवून पुसला.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हे व्याख्यान, त्या यान डिस्मास झेलेन्काकडे वळू.

झेलेन्का १६७९ मध्ये बोहेमियातल्या लौन्योविट्से गावी जन्मला. १७१० च्या सुमारास तो ड्रेस्डेनच्या दरबारात व्हायोलोन वाजवायला लागला. व्हायोलोन म्हणजे तळाचे जाड सूर देणारं मोठं तंतुवाद्य. मागे उभं राहून साथ करायची, ही त्याची जागा. व्हिएन्नाला जाऊन फुक्स या रचनाकाराकडे शिकला. दरबाराचा संगीतप्रमुख हाइनिखेन आजारी असताना त्याची कामं झेलेन्काने ओढली आणि १७२९ मध्ये हाइनिखेन वारल्यावर ती जागा आपल्याला मिळेल अशी त्याला आशा होती. मिळाली नाही. तिथे ऑपेरात नाव कमावलेला हासे आला. झेलेन्काला नंतर चर्चचा संगीतकार ही पदवी मिळाली. १७४५ च्या नाताळाच्या तोंडावर तो वारला. त्याचं खात्रीचं एकही चित्र उपलब्ध नाही.

त्याची कागदपत्रं राणी मारिया योसेफाने विकत घेतली. गुणग्राहकता म्हणायची, पण तिने ती कुलपात ठेवली. टेलेमानने १७५६ मध्ये खंत नोंदवली आहे की ड्रेस्डेनचा दरबार झेलेन्काच्या रचना दुर्मीळ वस्तू म्हणून कुलूपबंद ठेवतो. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल याने वडिलांना शेवटच्या वर्षांत कोणते संगीतकार मोलाचे वाटत याची यादी १७७५ मध्ये एका पत्रात दिली. त्यात झेलेन्काचं नाव आहे. पुढे दोनशे वर्षं त्या यादीतलं हे नाव वाचणाऱ्यांना ते नुसतं नावच होतं.

१७२० च्या दशकाच्या सुरुवातीला झेलेन्काने सहा सोनाटा लिहिले. दोन ओबो, एक बासून आणि तळाची साथ. तिसऱ्यात एका ओबोच्या जागी व्हायोलिन. त्या काळच्या सोनाटांत बासूनचं काम काय? तळाची ओळ जाडसर करायची. झेलेन्काने बासूनला तिसरा नायक केलं. वरचे दोन ओबो जे म्हणतात ते बासूनला म्हणावं लागतं, त्याच वेगाने, त्याच वळणांनी, आणि कधी एकट्याने. तळाचं वाद्य वाजवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने तळाच्या वाद्याला हा मान दिला आहे. सोनाटा लांबलचक आहेत, एकेक सोळा-अठरा मिनिटांचा. फ्यूग, म्हणजे एकच सुरावट सगळ्यांनी एकामागोमाग उचलण्याची रचना, संपेल असं वाटतं आणि तिथून तो नव्या वाटेला लागतो. श्वास घ्यायला जागा शोधावी लागते. हे कोणी वाजवलं असेल तर ड्रेस्डेनच्या दरबारातल्या मोजक्या वादकांनीच. त्याच्या हयातीत हे छापलं गेलं नाही.

विसाव्या शतकाच्या मध्याला हे सोनाटा जर्मनीत छापून निघाले. काही ओबोवादकांनी विकत घेतले. बस. मग १९७२ मध्ये आर्किव्हसाठी हाइन्झ होलिगर आणि मोरीस बुर्ग हे ओबोवादक, क्लाऊस थूनेमान हा बासूनवादक आणि त्यांचे साथीदार यांनी सहाही सोनाटा मुद्रित केले. त्या तबकड्यांनी खळबळ उडवली. होलिगर स्विस, स्वतः आधुनिक संगीतकार. लुचियानो बेरिओने आपली ओबोसाठीची अवघड 'सेक्वेन्झा' १९६९ मध्ये त्याच्यासाठीच लिहिली होती. जुन्या संगीताच्या शाळेतला हा माणूस नव्हे. त्याची वाद्यंही आधुनिक होती. पण त्याने झेलेन्का वाजवला तो काल लिहिलेलं संगीत वाजवावं तसा. धार आहे, घाई आहे, मध्येच अंगावर येणारी शांतता आहे. ऐकणाऱ्यांना वाटलं, हा माणूस इतके दिवस होता कुठे?

जवळपास पाव शतकाने याच तिघांनी ईसीएम कंपनीसाठी तेच सहा सोनाटा पुन्हा मुद्रित केले. दरम्यान इटलीच्या झेफिरो संचाने जुन्या धाटणीच्या ओबोवर ते वाजवून दाखवले. त्या ओबोला दोन-तीनच किल्ल्या असतात, बाकी सगळं बोटांच्या अडनिड्या पकडींवर. काही सूर झाकलेले येतात, काही उघडे. एकाच ओळीत उजेड आणि सावली आपोआप पडते. आधुनिक ओबो सगळे सूर सारखे घासूनपुसून देतो. होलिगर आणि झेफिरो यांत सरस कोण? उत्तर द्यायचंच तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याने होलिगर ऐकावा आणि चारदा ऐकून झाल्यावर झेफिरो. पहिला धक्का देतो, दुसऱ्याकडून बारकावे कळतात. आणि सोनाटांच्या मागोमाग झेलेन्काचे मास, स्तोत्रं, विलापगीतं यांच्याकडे लोकांचं लक्ष गेलं. आज प्रागचा कोलेगियुम १७०४ हा संच त्याचं मोठमोठं धार्मिक संगीत युरोपभर वाजवतो. दार उघडलं ते मात्र दोन ओबो आणि एका बासूनने.

श्रोतेहो, इथवर ध्वनिमुद्रणाची बाजू भक्कम दिसते. पण दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं योग्य होणार नाही. रेकॉर्ड जशी वाचवते तशी ती चुकीचंही पक्कं करते.

पाखेलबेलचा कॅनन घ्या. लग्नसमारंभात, लिफ्टमध्ये, फोन थांबवून ठेवल्यावर जो वाजतो तोच. मूळ रचना तीन व्हायोलिनं आणि तळाची साथ अशी, अस्सल कक्षसंगीत. बर्लिनमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या एका प्रतीवर ती तगली. तळाशी आठ सुरांची एक ओळ अठ्ठावीस वेळा येते आणि वर तीन व्हायोलिनं एकामागोमाग एक तेच बोल म्हणत जातात. कॅननला जोडूनच एक जिग, म्हणजे उड्या मारणारं नृत्य आहे. १९६८ मध्ये झाँ-फ्रान्स्वा पायार या फ्रेंच संचालकाने आपल्या तंतुवाद्यवृंदाकडून तो वाजवून घेतला. अतिशय संथ, मखमली, मूळ कागदात नसलेली साथ घातलेला. ती तबकडी जगभर गेली. जगाला पाखेलबेल कळला तो पायारचा पाखेलबेल. जिग बिचारा मागेच राहिला. ग्योबेलच्या कोलोनच्या संचाने कॅनन तीन व्हायोलिनांवर, नाचरा, पायारच्या निम्म्या वेळात वाजवला तेव्हा कित्येकांना ते कोणी केलेलं विडंबन वाटलं. अस्सल वस्तू नकली वाटावी, ही ताकद एका तबकडीची.

'आल्बिनोनीचं अडाजिओ' त्याच्याही पुढचं. ते प्रसिद्ध झालं १९५८ मध्ये, रेमो जियाझोत्तो या इटालियन अभ्यासकाच्या नावे. युद्धानंतर ड्रेस्डेनच्या ग्रंथालयातून आल्बिनोनीच्या एका सोनाटाचा तुकडा मिळाला, त्यावरून हे उभं केलं, असं त्याचं म्हणणं. आज जाणकार ते जियाझोत्तोचंच मानतात. म्हणजे बरोक म्हणून जगात सगळ्यात जास्त विकल्या गेलेल्या सुरावटींपैकी एक विसाव्या शतकातली निघाली. खऱ्या आल्बिनोनीचे सुरेख त्रिसोनाटा आहेत, ते किती जणांनी ऐकले? फार थोड्यांनी. नकली अडाजिओने खऱ्या आल्बिनोनीला झाकून टाकलं.

तिसरी हकिकत दोमेनिको गाल्लोची. हा व्हेनिसकडचा, अठराव्या शतकातला. त्याचे त्रिसोनाटा लंडनच्या प्रकाशकाने पेर्गोलेझीच्या नावावर छापले. पेर्गोलेझी १७३६ मध्ये सव्विसाव्या वर्षी वारला होता, त्याच्या नावाला भाव होता. दीडेकशे वर्षांनी नृत्यनाट्यांचा रशियन निर्माता दियागिलेव याने पेर्गोलेझीचं म्हणून जे कागद रचनाकार स्त्राविन्स्कीपुढे ठेवले त्यात हे होते. १९२० मध्ये पॅरिसला 'पुल्चिनेल्ला' नृत्यनाट्य झालं. त्याची नांदी ऐकून लोक पेर्गोलेझीला दाद देत राहिले. ती गाल्लोची आहे. आता गाल्लोचे मूळ सोनाटा त्याच्याच नावाने मुद्रित झाले आहेत आणि कान देऊन ऐकलं तर स्त्राविन्स्कीने किती थोडं बदललं होतं तेही कळतं. रेकॉर्डने पक्की केलेली चूक रेकॉर्डच सुधारते, तीही अशी.

विसरलेलं संगीत लोकांपर्यंत नेण्याचं काम चित्रपटानेही केलं आहे. १९९१ मध्ये आलँ कोर्नोचा 'तू ले मातँ द्यु मोंद' आला. विषय काय, तर सतराव्या शतकातला गांबावादक सँत-कोलोंब आणि त्याचा शिष्य मारँ मारे. गुरू तुतीच्या झाडावर बांधलेल्या खोपटात बसून रियाज करतो आणि शिष्य खाली लपून त्याची वळणं चोरतो, ही आख्यायिका अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच पुस्तकात आहे. चित्रपटासाठी जोर्दी सावालने गांबा वाजवला. त्याने १९७० च्या दशकातच आस्त्रे या छोट्या फ्रेंच कंपनीसाठी मारे आणि सँत-कोलोंब मुद्रित करून ठेवले होते, तेव्हा घेणारे मूठभर. चित्रपटाला सात सेझार पुरस्कार मिळाले आणि दोन गांबांच्या सुरांची तबकडी लाखो घरांत गेली. सँत-कोलोंबची दोन गांबांसाठीची ६७ द्वंद्वं एका हस्तलिखितात आहेत. या माणसाचं पहिलं नावसुद्धा शतकानुशतकं कोणाला सांगता येत नव्हतं.

स्त्रियांच्या बाबतीत तर ध्वनिमुद्रणाचं ऋण अधिकच आहे. इझाबेला लिओनार्दा ही उत्तर इटलीतल्या नोवाराची जोगीण. १६९३ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, तिचा बारा सोनाटांचा संग्रह छापला गेला. स्त्रीच्या नावाने छापलेले हे पहिले सोनाटा मानले जातात. पॅरिसची एलिझाबेत जाके द ला गेर लहानपणीच चौदाव्या लुईपुढे हार्प्सिकॉर्ड वाजवून गेली, आणि १७०७ मध्ये तिने व्हायोलिनचे सोनाटा छापले. दोघींचे छापील कागद ग्रंथालयांत सुरक्षित होते, कधीच हरवलेले नव्हते. कोणी काढून वाजवले नाहीत, एवढंच. त्यांना कपाट नडलं नाही, सवय नडली. कोणती रचना वाजवायची हे जोवर मैफलींचे व्यवस्थापक ठरवत होते तोवर त्यांची पाळी आली नाही. लहान कंपन्या आणि लहान संच यांच्या हातात निवड आली तेव्हा ती आली.

आणि शोध अजून संपलेला नाही. टेलेमानने १७३५ मध्ये एकट्या गांबासाठी बारा फँटसी छापल्या होत्या. जाहिरात सापडत होती, पुस्तक सापडत नव्हतं. २०१५ मध्ये जर्मनीत लेडेनबुर्गच्या गढीतल्या एका जुन्या संग्रहात, तो ओस्नाब्र्युकच्या अभिलेखागारात ठेवलेला आहे, ती छापील प्रत मिळाली. थोमास फ्रिचने २०१६ मध्ये त्या मुद्रित केल्या. २८० वर्षं ज्या रचना फक्त यादीत होत्या त्या वर्षभरात जगाच्या कानावर गेल्या, आणि आज अनेक गांबावादकांच्या नेहमीच्या संग्रहात आहेत.

शेवटचा मुद्दा आजच्या सोयीबद्दल. मोबाइलवर सगळं मिळतं. खरंच जवळपास सगळं. पण संगीताच्या बहुतेक अॅपवर सोनाटाचे चार भाग चार गाणी होऊन येतात. हार्प्सिकॉर्ड कोणी वाजवला हे बहुधा सापडत नाही. कोणत्या हस्तलिखितावरून वाजवलं ते तर नाहीच. आर्किव्हच्या कार्डावर जे होतं ते सगळं गळून पडलं आहे. या संगीताला ही माहिती दागिना म्हणून नको आहे, तिच्याशिवाय कान चुकतो. आकड्यांवरून साथ भरणारा माणूस इथे अर्धा रचनाकार आहे, त्याचं नाव न सांगणं हा अन्याय आहे. पाखेलबेलचं जे झालं ते नाव-गाव नसलेल्या सुरावटींच्या गर्दीत रोज होऊ शकतं. म्हणून जमेल तिथे तबकडीची पुस्तिका मिळवा, वाचा. बऱ्याच कंपन्या ती आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य देतात.

व्याख्यानानंतर तीन मुद्रणं ऐकवली जाणार आहेत. आधी झेलेन्काचा पाचवा सोनाटा, १९७२ चा. सगळी वाद्यं एका सुरात सुरुवात करतील. त्यानंतर बासूनवर कान ठेवा, ओबो आपसूक ऐकू येतील. मग टेलेमानची गांबाची एक फँटसी. एकच वाद्य आहे, तरी दोन माणसं बोलत आहेत असं वाटेल. ती कुठे एकमेकांना तोडतात ते पाहा. आणि शेवटी बीबरची पासाकालिया. उतरत जाणारे चार सूर, तेच चार, पासष्ट वेळा, साथीला कोणी नाही. आवाज थोडा कमी ठेवण्याची विनंती ध्वनिव्यवस्थेवरच्या मंडळींना केली आहे. हे दालनातलं संगीत आहे, मागच्या रांगांतल्यांनी पुढे येऊन बसावं.